गढूळपणाचं माप

ओपाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
मी नदीची परीक्षा घेतली.
खांडेपार नदी काचेच्या नळीत उभी राहायची
आणि मी आकडा लिहायची:
तुरटी किती, क्लोरीन किती,
गाळ तळाशी बसायला किती मिनिटं.
अर्धा फोंडा माझ्या सहीचं पाणी प्यायला.

निवृत्त झाले तेव्हा परसातल्या खड्ड्याकडे लक्ष गेलं.
सासऱ्यांनी घराचे चिरे ह्याच जागेतून काढले;
घर वर गेलं, खड्डा खाली राहिला,
बारा हात लांब, नऊ हात रुंद.
मे महिन्यातही कमरेएवढं पाणी.
आणि हिरवं.
बोट बुडवलं तर बोट दिसेना.
कडेच्या चिऱ्यांना केस आलेले,
काठीने ओढले तर ओल्या लोकरीचा गुंता,
आठवडा झाला की पुन्हा तेवढाच.

मग मला येत होतं तेच मी केलं.
तुरटी फिरवली. ब्लीचिंग टाकलं, मोजूनच टाकलं.
तीन दिवस तळ दिसला.
तळावर बेडकांची पिल्लं, पांढरी पोटं वर करून.
चौथ्या दिवशी कोपऱ्यात हिरवी झाक आली
आणि खोटं कशाला बोलू,
मला हायसं वाटलं.

जावई म्हापशाहून कोई घेऊन आला,
बोटाएवढे सहा, फुगवलेल्या पिशवीत,
एकेकाची किंमत सुरमईच्या वरची.
त्यांना दिवसातून दोनदा गोळ्या घालायच्या.
त्यांनी टाकलं ते शेवाळाने खाल्लं.
पोफळीवरून खंड्या तो नारिंगी रंग बघत होता;
गुरुवारपर्यंत दोन उरले, ते जावई परत घेऊन गेला.

गोकळदास कुंपणावरून म्हणाला,
मोरचूद घाला वहिनी, मी पोफळींना मारतो तेच,
एका रात्रीत साफ.
त्याच्या कुळागरात फवारणी असते त्या दिवशी
माझ्या पाण्यातल्या गोगलगायी दारं लावून घेतात.
नको म्हटलं.

स्कूटरवर भोंपू वाजवत मासे विकणारा
दुर्भाटचा रुझार पाणी बघून हसला नाही.
उकिडवा बसला, ओंजळ भरली, वास घेतला.
एवढ्या वर्षांत आमच्यातल्या कुणी घेतला नव्हता.
"हांगा काळुंदरां सोडूंया," म्हणाला.
आठवड्याने तेलाच्या डब्यात अकरा आणली,
अर्ध्या तळहाताची, अंगावर मोत्यांचे ठिपके,
खाजनातली, खाऱ्याला सरावलेली.
मी डबा उचलला तसा त्याने हात धरला:
"सवकाश, बाय. तांकां उदक कळूंक जाय."
रोज सकाळी एक तांब्या खारं काढायचं,
एक तांब्या गोडं घालायचं.
आठ दिवस.
दोन मेली. नऊ राहिली.

माडाच्या अळ्यातून खत पाण्यात उतरत होतं,
तिथे मी बांध घातला.
फुटक्या कळशीत माती भरून साळकांचे कंद बुडवले
आणि अर्ध्या पाण्यावर पानं पसरेपर्यंत
काहीच केलं नाही. हे सगळ्यात कठीण गेलं.
डासांसाठी आरोग्य केंद्रातून मूठभर गप्पी, फुकट.

आता संध्याकाळी चिऱ्यांवर आवाज येतो,
नखाने भिंत खरवडावी तसा, बारीक.
नऊ तोंडं केस उपटत असतात.
पांढरी बशी दोरीला बांधून मी खाली सोडते,
जुनी सवय.
पहिल्या वर्षी चार बोटांवर दिसेनाशी व्हायची.
परवा दीड हातावर.
त्याखाली अजून हिरवंच.
कागदावर हे पाणी नापास.
वहीत आकडा लिहिते, शेऱ्याचा रकाना मोकळा.

रुझार आला की भोंपू बंद करून आधी मागे जातो,
मोजतो, न बोलता स्कूटरकडे वळतो.
जावई विचारतो, रव्यात घोळून किती होतील?
मी म्हणते, विणीला लागलीत.
एका चिऱ्याशी दोघं,
अंडी चिकटवून, परांनी वारा घालत बसलीत,
कुणाला जवळ येऊ देत नाहीत.
काल बशी सोडली,
तर बशीलाच चावली.